यादी कुणाकुणाकडे गेली?

पतसंस्थेच्या एका ठेवीदार बाईंना फोन आला. बोलणारा अगदी अदबीनं बोलत होता. "मावशी, तुमच्या ठेवीची मुदत सोमवारी संपतेय. वारस म्हणून धाकट्या मुलाचं नाव लावलंय. पैसे तुमच्या बँकेच्या खात्यात जमा करायचे आहेत, तेवढी केवायसी पूर्ण करून घेतो." रक्कम बरोबर, तारीख बरोबर, मुलाचं नावही बरोबर. संशय घ्यायला जागाच नव्हती. त्यांनी ओटीपी सांगितला आणि दुसऱ्या बँकेतल्या त्यांच्या बचत खात्यातले पैसे गेले. पतसंस्थेतली ठेव मात्र जागच्या जागी होती. सचिव ज्याला त्याला हेच सांगत राहिले, "आमच्याकडून एक रुपयाही गेलेला नाही."

हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. त्या बाईंना फसवायला जे जे लागलं ते सगळं संस्थेतूनच बाहेर गेलं होतं.

संस्थेचं अंतर्गत लेखापरीक्षण माझ्याकडे असल्यानं चौकशीचं काम माझ्यावर आलं. संचालकांना वाटत होतं, कुणीतरी सॉफ्टवेअर हॅक केलं असणार. मी साधा प्रश्न घेऊन बसलो: मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी कोण काढतं, आणि ती पुढे कुणाकुणाकडे जाते?

मुख्य कार्यालयातला लिपिक दर महिन्याला एक्सेलमध्ये सगळ्या शाखांची एकच यादी काढायचा. नाव, मोबाइल, रक्कम, तारीख, वारस, सगळं त्यात. ठेवींचं नूतनीकरण व्हावं म्हणून ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकली जायची. ग्रुपमध्ये शाखाधिकारी होते, लिपिक होते, पिग्मी एजंट होते, आणि नोकरी सोडून गेलेली माणसंही होती, कारण त्यांना काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. एका शाखेचा प्रिंटर बंद होता, म्हणून शिपाई यादी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मोबाइलवर पाठवून तिथे छापून आणायचा. सॉफ्टवेअर कंपनीचा मुलगा एनीडेस्कवरून केव्हाही संस्थेच्या संगणकात शिरू शकत होता. आणि बहुतेक शाखांत सगळे कर्मचारी एकाच युजर आयडीनं काम करत होते. पासवर्ड काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला.

यातल्या कोणत्या वाटेनं यादी भामट्यापर्यंत पोचली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी केव्हा काय उघडलं याची नोंदच नव्हती, आणि जी होती ती सगळ्यांच्या एकाच नावावर. मला सगळ्यात गंभीर हेच वाटलं. चोरी झाली हे ठाऊक असून कोणत्या दारातून झाली ते सांगता न येणारी संस्था उद्या तेच दार पुन्हा उघडं ठेवणार.

यात एकाही कर्मचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. लिपिकाला काम लवकर उरकायचं होतं, शाखाधिकाऱ्याला ठेवी टिकवायच्या होत्या. म्हणून कर्मचाऱ्यांना दटावून काही साधत नाही. कामाची पद्धतच बदलावी लागते, आणि ते काम संचालक मंडळाचं आहे.

सुरुवात यादीच्या रकान्यांपासून करावी. नूतनीकरणासाठी शाखेला काय लागतं? स्वतःच्या शाखेच्या ठेवीदाराचं नाव, फोन आणि तारीख. वारसाचं नाव त्या कामाला कशालाच लागत नाही. दुसऱ्या शाखेची यादी तर मुळीच लागत नाही. त्या संस्थेत आम्ही प्रत्येक नियमित अहवाल समोर घेऊन एकेका रकान्यावर विचारलं: हा कुणाला, कशासाठी? बरेच रकाने गळले. कुणाचंही काम अडलं नाही. नंतर अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवणं बंद करून प्रत्येक शाखेला तिच्याच लॉगिनवर दिसतील अशी सोय केली. प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा युजर आयडी दिला, आणि नोकरी सुटली त्याच संध्याकाळी तो बंद करण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे सोपवली.

आधारच्या झेरॉक्सचं प्रकरण याहून जुनं आणि खोल. कर्जाच्या फायलीत अर्जदाराचं आधार, दोन जामीनदारांची आधारं, पुन्हा नूतनीकरणाच्या वेळी तीच. नामंजूर अर्जांचीही कपाटात पडून. जिथे ओळखीपुरती प्रत पुरते तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारं मास्क्ड आधार घ्यावं. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. प्रतीवर कशासाठी घेतली ते आणि तारीख आडवी लिहावी. ज्या कागदांना कायद्यानं ठेवण्याची मुदत घालून दिली आहे ते तेवढे दिवस जपावेत, बाकीचे यंत्रात कापून नष्ट करावेत. संस्थेची रद्दी किलोवर विकू नये. पाठकोऱ्या कागदांवर हिशेब करण्याची काटकसर मला एरवी आवडते, पण केवायसीच्या फॉर्मची पाठ त्यासाठी नाही.

थकबाकीदारांची नावं आणि जामीनदारांचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकणारे वसुली अधिकारी मी पाहिले आहेत. "सभासदांना सगळं कळायला हवं," असं त्याचं समर्थन केलं जातं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा आहे. त्याच्या कलम 32 नं सभासदाला ताळेबंद, सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क दिला. पण व्यवहाराच्या वह्यांपैकी त्याला पाहता येतो तो स्वतःच्या व्यवहारांचा भाग. मोबाइल कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा ही मर्यादा घातलेली आहे. वसुलीसाठी कलम 101 चा दाखला आहे, त्याची रीतसर वाट आहे. बदनामी ही वसुलीची पद्धत नव्हे.

आता नवा कायदाही आला आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, नोव्हेंबर 2025 मध्ये नियम निघाले, आणि संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतात. कागदावर घेतलेली माहिती संगणकात चढवली की तीही या कायद्याखाली येते. माहिती सांभाळण्याची वाजवी काळजी न घेतल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा ऐकून लहान संस्थांचे संचालक एकतर घाबरतात, नाहीतर "आपल्याला कोण विचारतंय" म्हणतात. दोन्ही चूक. दंड ठरवताना चूक किती गंभीर, पुन्हा पुन्हा झाली का, नुकसान कमी करायला संस्थेनं काय केलं, हे पाहिलं जातं. म्हणजे आज उचललेलं पाऊल उद्या मोजलं जाणार आहे.

दोन गोष्टी संचालकांना हमखास माहीत नसतात. एक, सॉफ्टवेअर कंपनीकडून माहिती फुटली तरी सभासदापुढे जबाबदार संस्थाच. त्यामुळे कंपनीशी लेखी करार हवा, आणि दुरुस्तीसाठी संगणकाचा ताबा संस्थेचा माणूस समोर बसलेला असतानाच द्यायला हवा. दुसरी, संमती घेण्याआधीची सूचना सभासदाला मराठीत मागता येते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ती मिळण्याची सोय कायद्यातच आहे. बारीक इंग्रजी मजकुराखाली अंगठा घेणं ही संमती नव्हे.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र कागदपत्रांची नाहीच. त्या बाईंची तक्रार आली तेव्हा संस्थेतली पहिली प्रतिक्रिया होती, "बोभाटा नको, ठेवी काढून घेतील." त्या गप्प बसण्याच्या काळात त्याच यादीतल्या इतर ठेवीदारांनाही तसेच फोन गेले. त्याच दिवशी शाखांनी ठेवीदारांना सावध केलं असतं तर त्यांना निदान कल्पना तरी आली असती. माहिती फुटल्याचं कळताच आधी सभासदांना सोप्या शब्दांत सांगा. पैसे गेले असतील तर त्यांना 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायला लावा, लागल्यास शाखेतूनच फोन लावून द्या. सायबर घटनेची खबर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला 6 तासांत द्यायची असते. नवे नियम लागू झाल्यावर डेटा संरक्षण मंडळाला लगेच कळवून 72 तासांत तपशील द्यावा लागेल. हे पत्ते, फोन आणि पत्राचा मसुदा आधीच तयार ठेवा. त्या दिवशी शोधायला सवड नसते.

त्या संस्थेनं शेवटी सगळ्या ठेवीदारांना पत्र पाठवून घडलेलं कळवलं. काही ठेवी गेल्या, बहुतेक राहिल्या. त्या बाईंचे पैसे परत आले नाहीत.

आपण एखाद्या पतसंस्थेच्या, गृहनिर्माण संस्थेच्या, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या मंडळावर असाल तर पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घाला. आपल्याकडे लोकांची कोणती माहिती आहे, कुठे आहे, आणि संस्थेबाहेरच्या कुणाकुणाकडे जाते, याचा एक कागद सचिवांकडून मागून घ्या. तो सभेत मोठ्यानं वाचा, आणि इतिवृत्तात नोंदवा.