पंप उघडण्याआधी

जुन्या डिझेल जीपवाल्याचा खिसा सगळ्यात जास्त कशानं रिकामा होत असेल, तर "साहेब, पंप काढावा लागेल" या एका वाक्यानं. डिझेलचा पंप उतरवायचा, शहरात कॅलिब्रेशनला पाठवायचा, तोवर गाडी दारात उभी. पंप खराब होत नाही असं नाही. पण त्याला पाना लावण्याआधी अर्ध्या तासात, साध्या मीटरवर बघता येतील अशा गोष्टी असतात. त्या न बघता पैसे कसे जातात, हे आमच्या घरच्या एमएम ५४० जीपमुळे मी जवळून बघितलंय.

ही जीप अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला असते. इंजिन प्यूजोचं डिझेल. पावसाळ्याच्या तोंडावर नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, चासी खरवडून तिला गंज धरू नये म्हणून जाड काळा रंग मारून घेतला. दिवाळीनंतर थंडी पडली आणि सकाळी जीप उठेना. सेल्फ कण्हत फिरायचा, मागून पांढरा धूर यायचा, मग बॅटरी बसायची. दुपारी मात्र तीच गाडी पहिल्या चावीला चालू. एका गॅरेजनं नवी बॅटरी घालायला लावली. दुसऱ्यानं सेल्फ खोलून कार्बन आणि बुश बदलले. तिसऱ्यानं पंपावर बोट ठेवलं.

पंप वाचला तो एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनमुळे. त्यांनी काहीच खोललं नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर, आणि म्हणाले, "नाना, आता मारा सेल्फ." तिथं ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर काही दिसायला नको. मीटरनं दोनच्या वर आकडा दाखवला. मग त्यांनी मला बोनेटमध्ये वाकून इंजिन बंद करायच्या केबलला हात लावायला सांगितलं. केबल चांगलीच गरम होती. सेल्फचा करंट परत जायला वाट न मिळाल्यानं त्या बारीक तारेतून बॉडीकडे पळत होता. गिअरबॉक्सपासून चासीला येणारी अर्थची पट्टी सोडली, तर तिच्या लगखाली तोच जाड काळा रंग, आणि तांब्यावर हिरवी भुकटी. रंगारी रंगवून मोकळा झाला होता, फिटरनं पट्टी रंगावरच आवळली होती.

जीपचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही, म्हणून परतीचा सगळा भार या पट्टीवर. डिझेलचा सेल्फ २०० अँपिअर सहज खेचतो. एवढ्या करंटला एका ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला, तरी २ व्होल्ट तिथंच जिरतात. थंडीत ऑइल घट्ट, इंजिन जड, करंट आणखी जास्त, म्हणून सकाळी गाडी अडायची आणि दुपारी धावायची. शिवाय डिझेलला स्पार्क प्लग नसतो. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. सेल्फ हळू फिरला की हवा पुरेशी तापत नाही, डिझेल न पेटताच बाहेर पडतं आणि पांढरा धूर दिसतो. बघणाऱ्याला वाटतं पंप गेला. दोष असतो रंगाच्या एका थराचा.

म्हणून माझं सांगणं असं, की आधी कान द्या. नुसतं "टक" वाजून शांतता, किंवा सेल्फ कण्हत फिरणं, हे विजेचं दुखणं. उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास आली तर ती जवळजवळ रिकामी. पण खरा आकडा सेल्फ मारताना बघायचा. चार्ज केलेली बॅटरी तेव्हा ९.६ च्या खाली बसत असेल तर तिच्यात किंवा सेल्फमध्ये दोष आहे. बॅटरी तग धरतेय आणि तरी सेल्फ मरगळलेला असेल, तर वायरी आणि जोड तपासा. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. तो खणखणीत फिरला, तर दोष अर्थचाच. चिखलपाण्यात जाणाऱ्या गाडीची ही पट्टी दर पावसाळ्यानंतर सोडून, घासून, ग्रीस लावून बसवावी.

हे बघताना गिअर न्यूट्रल आहे ना, हे हातानं हलवून बघा. जुन्या जीपमध्ये क्लच न दाबताही सेल्फ फिरतो. फोर-व्हील लोमध्ये गिअर पडलेला असेल, तर सेल्फच्या जोरावर गाडी पुढं सरकते, आणि समोर कुणीतरी बोनेटमध्ये वाकलेलं असतं.

सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पेटत नाही, तर मागं जाऊन धूर बघा. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. स्टॉपची केबल पूर्ण परत गेलीय का, फिल्टर तुंबलाय का, लाइनमध्ये एअर आहे का, हे बघायचं. एअर फार फसवी. टाकीपासून पंपाकडे डिझेल ओढलं जातं, त्यामुळे सैल जोडातून थेंबही गळत नाही, उलट हवा आत जाते आणि रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरतं. हँड प्रायमर मारून लाइनमध्ये दाब आणला, की प्रायमरच्या पुढचा असा जोड ओला होतो. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता लावला, तर बुडबुडे दिसतातच. पुष्कळदा दोष पुन्हा वापरलेल्या तांब्याच्या वॉशरचा निघतो.

धूर पांढरा आणि कच्च्या डिझेलच्या वासाचा असेल, तर डिझेल येतंय पण पेटत नाही. अशा वेळी हीटर, म्हणजे थंड सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग, तपासा. हीटरची वायर काढून टेस्ट लॅम्प बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून हीटरच्या टोकाला लावा. लॅम्प लागला नाही तर तो हीटर गेला. आमच्याही जीपचा एक गेलेला निघाला, अर्थ नीट झाल्यावर. एक मात्र कळकळीनं सांगतो: हीटर असलेल्या इंजिनच्या एअर फिल्टरवर पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे धरू देऊ नका. तापलेल्या हीटरवर तो भलत्याच वेळी पेटतो, रिंगा तुटतात, आगही लागते.

एवढं सगळं चोख निघालं आणि तरी गाडी थंडीत अडत असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी दाखवत असेल, तर नवा पंप घालूनही ती सकाळी अडणारच. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद हातात असेल तरच पंपाचे बोल्ट सैल करू द्या.