डॉक्टरी नव्हे, पण डॉक्टरांस लागणारी विद्या

बारावीचा निकाल लागल्यावर ओवे गांवचे एक पालक आमच्याकडे आले. त्यांच्या हातांत एका खाजगी विद्यापीठाची माहितीपुस्तिका होती. शेतजमीन गेल्यानंतर साडेबारा टक्क्यांच्या योजनेंत जो भूखंड मिळाला, त्याचा पैसा त्यांनीं मुलीच्या शिक्षणाकरितां राखून ठेविला होता. पुस्तिकेंतील ‘बायोमेडिकल सायन्स’ या शब्दांवर बोट ठेवून त्यांनीं विचारलें, “सर, हें पुरें झालें कीं पोरगी गांवांत दवाखाना काढील ना?”

आम्हीं ‘नाहीं’ म्हटलें. त्यांचा चेहरा उतरला, आणि एवढ्या एका शब्दावर त्यांस परत पाठविणें आम्हांस बरें वाटेना. असा समज आणखीही घरांत असेल, म्हणून हा लेख.

रोग्यास औषध देण्याचा अधिकार एम.बी.बी.एस. सारख्या वैद्यकीय पदवीनें व त्यानंतरच्या नोंदणीनें मिळतो. एम.बी.बी.एस. करितां ‘नीट’ परीक्षा द्यावीच लागते. जीवशास्त्राची किंवा जीववैद्यक शास्त्राची बी.एस्सी. ही निराळी वाट. या वाटेनें पीएच.डी. पर्यंत गेल्यास नांवामागें ‘डॉक्टर’ लागतें खरें, पण दवाखाना काढतां येत नाहीं! मग या वाटेनें जाऊन करावयाचें काय?

याचें उत्तर ओवे गांवाच्या शेजारींच आहे. खारघर येथें टाटा स्मारक केंद्राचें ‘ॲक्ट्रेक’ हें कर्करोगावरील उपचारांचें व संशोधनाचें केंद्र आहे. तेथील रोग्यांची ये-जा सर्वांस दिसते. प्रयोगशाळेंतील काम दिसत नाहीं. आपल्या रक्तांत टी-पेशी नांवाच्या शिपाई पेशी असतात. त्या परक्या जंतूंचा मागोवा घेतात. परंतु कर्करोगाची पेशी पडली घरचीच; ती पुष्कळदां त्यांच्या नजरेंतून सुटते. घरभेद्यास ओळखणें कठीणच. तेव्हां रोग्याच्या टी-पेशी रक्तांतून वेगळ्या काढावयाच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवीं त्यांत एक नवा जनुक घालावयाचा, त्या वाढवावयाच्या, आणि रोग्याच्या रक्तांत परत सोडावयाच्या, अशी युक्ति शास्त्रज्ञांनीं काढली. त्या जनुकामुळें टी-पेशींस ‘सीडी १९’ नांवाचें प्रथिन ओळखतां येऊं लागतें. हें प्रथिन रक्ताच्या कांहीं कर्करोगांतील पेशींवर असतें. तें निरोगी बी-पेशींवरही असतें, म्हणून त्याही मारल्या जातात. हा या उपचाराचा एक तोटा होय.

आपल्या देशांत हा उपचार घडविला तो पवईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेनें, टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांच्या सहकार्यानें. जून २०२१ मध्यें तो प्रथम ॲक्ट्रेक येथें एका रोग्यास देण्यांत आला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें त्यास सरकारी परवानगी मिळाली. पेशी घडविणारे हात वेगळे, रोग्याची शुश्रूषा करणारे वेगळे. पण एकावांचून दुसऱ्याचें चालत नाहीं.

या संस्थेचें मूळ १९५२ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत आहे. खारघरला ती २००२ सालीं आली. मुंबईच्या त्या जुन्या प्रयोगशाळांत कमल रणदिवे यांनीं आयुष्य वेंचलें. पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या कमलाबाईंचे वडील फर्ग्युसन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत. मुलीनें डॉक्टर व्हावें व डॉक्टराशींच लग्न करावें, ही त्यांची इच्छा होती. मुलीनें यांतलें एकही केलें नाहीं! ती पेशींच्या अभ्यासांत शिरली, १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. झाली, पुढें अमेरिकेस जाऊन शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या शिकून आली, आणि स्तनाच्या कर्करोगावर उंदरांत संशोधन करीत राहिली. १९८२ सालीं कमलाबाईंस पद्मभूषण मिळालें.

आतां पैशाची गोष्ट. पनवेल तालुक्यांत भाताण येथें ॲमिटी हें राज्याच्या कायद्यानें झालेलें खाजगी विद्यापीठ आहे, तर कामोठे येथील एम.जी.एम. ही अभिमत विद्यापीठाचा दर्जा असलेली संस्था आहे. दोहोंस पदवी देण्याचा अधिकार आहे. तथापि फी भरण्यापूर्वीं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादींत संस्थेचें नांव पाहून घ्यावें. हें कोणत्याही विद्यापीठाविषयीं करावें, त्यांत अविश्वास नाहीं. बी.एस्सी. पुरती फी भारी वाटली तरी पुढील संशोधनाच्या पायरीवर चित्र बदलतें: राष्ट्रीय परीक्षेंत यश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ति मिळूं शकते. परंतु बी.एस्सी. झाल्याबरोबर मोठ्या पगाराची आशा धरून भूखंड विकूं नये, हें आम्हीं त्या पालकांस स्पष्ट सांगितलें.

ते बराच वेळ गप्प बसले. मग पुस्तिका मुलीच्या हातीं देऊन म्हणाले, “तूंच सांग.” मुलगी म्हणाली, “आधीं प्रयोगशाळा बघूं या.” आम्हीं तिला दोन प्रश्न लिहून दिले: एका सूक्ष्मदर्शकामागें किती विद्यार्थी असतात, आणि पेशी वाढविण्याचें काम विद्यार्थी स्वतःच्या हातानें करतात कीं लांबून पाहतात. तिसरा तिनें स्वतःच लिहिला: पूर्वींच्या विद्यार्थिनी आज कोठें आहेत? पुढच्या सोमवारीं बापलेक दोघें जाऊन आलीं.