बाजरीच्या सुधारित बियाण्यामागील भागीदारी : पैसा कोणाचा व लाभ कोणाचा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील आठवडी बाजार असो की धान्याचा मोंढा असो, बाजरीचा भाव ठरतो तो दाण्याचा रंग, टपोरेपणा व कोरडेपणा पाहून. दाण्यात लोह किती आहे हे तागडीत कळत नाही. आणि कळले तरी त्यासाठी कोणी वाढीव दाम मोजीत नाही. मग ज्या गुणाला बाजारात मोल नाही, त्या गुणासाठी एखाद्या बियाणे कंपनीने वर्षानुवर्षे संशोधनावर खर्च का करावा? तथापि लोहाचे प्रमाण अधिक असलेले बाजरीचे वाण आज तयार झाले आहेत व त्यांचे बियाणे शेतकऱ्यांपर्यंत गेले आहे. हे कोणाच्या पैशाने व कोणाच्या श्रमाने घडले, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे. कारण पिशवीतील बियाणे पुढील वर्षी राखावे की नवे विकत घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्या हकीकतीतच दडलेले आहे.

संकरित बाजरीचा पहिला धडा

भारतात बाजरीचा पहिला संकरित वाण एच. बी. 1 हा 1965 साली पंजाब कृषी विद्यापीठाने प्रसारित केला. त्याचा मादी वाण टिफ्ट 23 ए हा अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातून आलेला होता. उत्पन्न पुष्कळ वाढले. परंतु एकाच मादी वाणावर आधारलेले संकर सर्वत्र पेरले गेल्यामुळे 1970 नंतरच्या काळात गोसावी, म्हणजेच केवडा रोगाने या पिकाचे अतोनात नुकसान केले. यातून एक गोष्ट सिद्ध झाली. चांगले बियाणे एकदा निर्माण करून काम संपत नाही. रोग बदलतो, तसा वाणही बदलावा लागतो, आणि त्यासाठी संशोधनाला अखंड पैसा पुरवावा लागतो.

1972 साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. अनेक देशांच्या मदतीवर चालणाऱ्या या संस्थेने बाजरीचे नर व मादी वाण तयार करून सरकारी संस्था व खाजगी कंपन्या या दोहोंनाही पुरविले. पुढे मदतीचा ओघ आटू लागला, तेव्हा 2000 साली संस्थेने बियाणे कंपन्यांचा एक संघ उभारला. संघातील कंपन्यांनी दरवर्षी ठराविक वर्गणी भरावयाची, व त्याबदली संस्थेच्या शेतावर येऊन आपल्याला उपयुक्त वाण निवडून न्यावयाचे, अशी ही योजना होती. कृषी विद्यापीठांना मात्र ते वाण विनामूल्यच मिळत राहिले. वर्गणीतून संशोधनाचा काही भार हलका झाला, आणि प्रयोगक्षेत्रावरील वाण दुकानापर्यंत नेणारी वाटही तयार झाली.

आनुवंशिक खुणांचा उपयोग

रोगप्रतिकारक वाण शोधण्याची जुनी रीत म्हणजे हजारो रोपे लावून, त्यांवर रोग पाडून, जगलेली रोपे निवडणे. प्रत्येक वनस्पतीच्या पेशीत तिचे गुणधर्म ठरविणारे जनुक असतात. अमुक गुणाच्या जनुकाशेजारी अमुक खूण आहे, हे एकदा कळले की कोवळ्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासूनच रोपाची निवड करता येते. यात परक्या जीवाचे जनुक घातले जात नाही. 2002 साली मान्यता मिळालेल्या बीटी कापसाची पद्धत निराळी व ही पद्धत निराळी, हे शेतकऱ्यांस स्पष्ट करून सांगावे.

या रीतीने सुधारलेला एच. एच. बी. 67 इम्प्रुव्हड हा संकरित वाण 2005 साली प्रसारित झाला. आनुवंशिक खुणांच्या साहाय्याने सिद्ध होऊन शेतकऱ्यांच्या हाती पडलेल्या भारतातील पहिल्या सार्वजनिक वाणांत त्याची गणना होते. मूळ एच. एच. बी. 67 हा हिसार येथील हरियाणा कृषी विद्यापीठाचा असून तो सुमारे 65 दिवसांत निघतो. त्यावर केवडा पडू लागताच इक्रिसॅट, हिसारचे विद्यापीठ व ब्रिटनमधील शास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन त्याच्या जनक वाणांत प्रतिकारशक्ती आणली. या कामाचा खर्च प्रामुख्याने ब्रिटिश सरकारच्या तत्कालीन आंतरराष्ट्रीय विकास विभागाने सोसला. पुढे 2017 साली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून बाजरीचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. त्यासाठी निवडलेला वाण टिफ्ट 23 च्याच घराण्यातील होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

धनशक्तीची वाटचाल

लोहयुक्त बाजरीचे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या देशी बाजरीतून इक्रिसॅटने निवडलेला आय. सी. टी. पी. 8203 हा वाण महाराष्ट्रात 1988 पासून प्रचारात आहे. त्याच्यातच लोह अधिक असलेल्या झाडांची निवड करून धनशक्ती हा वाण निर्माण झाला. येथे आनुवंशिक खुणांचा आधार नव्हता. शेतातील निवड व दाण्याची रासायनिक तपासणी यांवरच काम झाले. इक्रिसॅट व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने तो 2013 साली महाराष्ट्रासाठी व 2014 साली देशासाठी प्रसारित झाला. एक किलो दाण्यात सुमारे 71 मिलिग्रॅम लोह, हे त्याचे वैशिष्ट्य. मूळ वाणापेक्षा लोह सुमारे 9 टक्के व उत्पन्न सुमारे 11 टक्के अधिक आढळले.

या कामासाठी निधी हार्वेस्टप्लस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातून आला. त्याला गेट्स फाउंडेशन, ब्रिटिश सरकार व इतरांचे साहाय्य होते. बियाणे तयार करून विकण्याचे काम जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्याच्या निर्मल सीड्स या कंपनीने पत्करले. म्हणजे धर्मादाय व सरकारी पैशाने वाण सिद्ध केला, विद्यापीठाने तो पारखला आणि कंपनीने गावोगाव पोहोचविला. यांपैकी एकही दुवा निखळला असता, तर वाण कागदावरच राहिला असता.

या खर्चाचे फळ ताटातही दिसले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील 12 ते 16 वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना सहा महिने लोहयुक्त बाजरीची भाकरी देऊन एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरात आरंभी लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी ही बाजरी खाणाऱ्यांत ती भरून निघण्याचा संभव साधी बाजरी खाणाऱ्यांच्या 1.64 पट आढळला.

आपल्या जिल्ह्याचे कार्य

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील केंद्राने इक्रिसॅटच्या सहकार्याने ए. एच. बी. 1200 एफ. ई. व ए. एच. बी. 1269 एफ. ई. हे दोन लोहयुक्त संकरित वाण दिले. दाण्यातील लोह किलोमागे अनुक्रमे सुमारे 73 व 91 मिलिग्रॅम आहे. प्रचलित वाणांत ते साधारण 45 ते 50 मिलिग्रॅम असते. पहिला वाण सुमारे 78 व दुसरा सुमारे 81 दिवसांत तयार होतो.

तरीही आरंभीचा प्रश्न शिल्लक राहतोच. बाजार लोहाला दाम देत नाही, तेव्हा कंपन्या असे वाण पुढेही काढतील याचा भरवसा काय? यावर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय बाजरी प्रकल्पाने 2018 साली उपाय योजला. नव्या वाणास शिफारस मिळण्यासाठी किलोमागे किमान 42 मिलिग्रॅम लोह व 32 मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, असा दंडक घातला गेला. जे काम भावाने होत नव्हते, ते नियमाने करून घेतले.

एक उणीव मात्र नजरेआड करू नये. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागत असल्याने कंपनीचा ओढा त्याकडेच असतो. धनशक्तीसारखा सुधारित वाण शेतकरी घरीच राखू शकतो, म्हणून त्याच्या विक्रीत कंपनीला गोडी कमी. अशा वाणांचे बीजोत्पादन सरकारी संस्था व शेतकऱ्यांचे गट यांनीच हाती घेतले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस सांगावयाच्या गोष्टी

1. पिशवीतील वाण संकरित आहे की सुधारित, हे प्रथम विचारावे. संकरित असल्यास घरचे बियाणे पुन्हा पेरू नये. उत्पन्न घटते व पीक एकसारखे येत नाही.

2. सुधारित वाणाचे बियाणे राखण्यास हरकत नाही. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व विकण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे छापील नावाने मात्र विकता येत नाही. बाजरीत परपरागीभवन होते, म्हणून बियाण्याचा तुकडा दुसऱ्या बाजरीपासून सुमारे 200 मीटर दूर ठेवावा आणि भेसळ झाडे फुलोऱ्यापूर्वी उपटावीत.

3. बियाणे प्रमाणित आहे की सत्यप्रत, हे टॅगवरून पाहावे. पावती, पिशवी, टॅग व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे.

4. लोहयुक्त बाजरी सगळी विकून टाकू नये. घरच्या भाकरीसाठी आधी वेगळी काढावी. बाजारात तिला जादा दाम नाही, पण घरातील सून, लेक व लहान मुले यांना तिचा लाभ आहे. ही बाजरी औषध नव्हे, हेही सांगावे. फार अशक्तपणा वा धाप असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

सरकार, दाते, विद्यापीठ व कंपनी यांनी आपापला वाटा उचलल्याने हे बियाणे गावाच्या वेशीपर्यंत आले. वेशीपासून चुलीपर्यंतचे अंतर उरले आहे, आणि ते ग्रामसेवक व शेतकरी बंधूभगिनींनीच पार करावयाचे आहे.