जुन्या पॉवर टिलरची घरगुती निगा

धाराशिव जिल्ह्यातील द्राक्षबागांत दोन ओळींमध्ये मोठ्या ट्रॅक्टरची अडचण होते. तेथे मागे चालत हाकावयाचा दोन चाकी पॉवर टिलर सोयीचा पडतो. बंगळूर येथे १९६७ साली स्थापन झालेल्या व्ही.एस.टी. कंपनीने मित्सुबिशीच्या तांत्रिक सहकार्याने असे टिलर तयार केले. एका सिलिंडरचे त्याचे डिझेल इंजिन साधे असल्याने जुने यंत्रही नेटकी निगा राखल्यास पुन्हा कामास येते.

बंद पडलेल्या टिलरचे प्रथम डिझेल तपासावे. टाकी कोरडी पडल्यास नळीत हवा शिरते. मग हँडल कितीही मारले तरी इंजिन सुरू होत नाही. पंपावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व स्क्रू आवळावा. काळ्या रानाची धूळ एअर क्लीनरच्या तेलात साचते. ते बदलण्यात कुचराई झाली की पिस्टनच्या रिंगा झिजतात, आणि तो खर्च मोठा. पट्टे बदलावयाचे तर सर्व एकदम बदलावेत. इंजेक्शन पंप व नोझल मात्र घरी उघडू नयेत. ते वर्कशॉपचेच काम.

चालविताना एक बाब जिवावर बेतू शकते. सपाटीवर डावा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. बालाघाटच्या उतारावर तोच क्लच दाबल्यास तो उजवीकडे जातो, कारण सुटलेले चाक उताराने पुढे धावते. म्हणून तीव्र उतारावर हा क्लच न वापरता दांड्यांनीच वळवावे. पात्यांत अडकलेले तण काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे.