नाझींवर हसणारा धुराडेवाला

प्रश्न : दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं, घरोघरी खायची भ्रांत. अशा वेळी युरोपातल्या कार्टून स्टुडिओंना हलकेफुलके चित्रपट सुचले कसे, आणि त्यासाठी पैसा कुठून आला?

उत्तर : प्रागच्या ‘ब्रात्र्शी फ त्रिकू’ या स्टुडिओपुरतं सांगतो. पैशाची सोय सरकारी होती. ऑगस्ट १९४५मध्ये चेकोस्लोव्हाकियाने चित्रपट व्यवसायाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि गल्ला जमवण्याचा घोर मिटला. रेशनिंग मात्र तिथे १९५३पर्यंत चाललं.

माणसांची गोष्ट जास्त मजेची आहे. नाझींनी १९३९मध्ये चेक विद्यापीठं बंद केली. शिक्षण तुटलेल्या, जर्मन कारखान्यांत वेठीला जुंपले जाण्याची धास्ती असलेल्या तरुणांपैकी काहींनी प्रागमधल्या एका ट्रिक-फिल्म स्टुडिओत आसरा घेतला. तो स्टुडिओ जर्मनांनी कार्टून काढण्यासाठी ताब्यात घेतला होता. मे १९४५मध्ये जर्मन गेले. हात बसलेली पोरं मागे राहिली. नाझींनी कलेची केलेली एवढी एकच सेवा, आणि तीही नकळत!

‘ब्रात्र्शी फ त्रिकू’च्या या मंडळींनी म्होरक्या म्हणून यिर्झी त्रन्काला बोलावलं. तो पुस्तकांची चित्रं काढायचा, बाहुल्या करायचा. कार्टूनमध्ये तो नवखा होता आणि माझ्या मते तेच पथ्यावर पडलं, कारण डिस्नेचं वळण त्याच्या हाताला नव्हतं. पहिल्याच चित्रपटात त्याने म्हातारा आणि उपटता न येणारा सलगम ही लोककथा घेतली. पुढच्या वर्षी त्याच्या ‘झ्वीरझात्का आ पेत्रोव्श्ती’ला कानच्या पहिल्या चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळालं. त्यातही प्राणी आणि दरोडेखोरच होते.

पण हसायचं म्हणून या लोकांनी युद्धाकडे पाठ फिरवली, असं समजू नका. १९४६चाच ‘पेराक आ एसएस’ घ्या. जर्मन अंमलात प्रागमध्ये पेराक नावाच्या एका उड्या मारणाऱ्या माणसाच्या वावड्या उठायच्या. त्रन्का आणि यिर्झी बर्देच्का यांनी त्याला धुराडी साफ करणारा केलं, सोफ्याच्या स्प्रिंगा पायांना बांधल्या आणि नाझींच्या एसएस दलाच्या लोकांची पळता भुई थोडी केली. कालपर्यंत ज्यांच्या बुटांच्या आवाजाने छातीत धस्स व्हायचं, त्यांनाच हसण्यावारी नेण्याची ही मुभा प्रेक्षकांना हवीच होती.

त्रन्का लवकरच बाहुलीपटांकडे वळला. त्याचं एकच काही पाहणार असाल, तर ‘पेराक’ पाहा.