मित्रासाठी हाताने केलेली वही
(इयत्ता तिसरी व चौथी. तासिका तीन.)

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील अनेक गावांचे रूप पालटते. ऊसतोडीसाठी जोडपी साखर कारखान्यांच्या प्रदेशात जातात व त्यांच्याबरोबर पुष्कळदा मुलेही जातात. वर्गातील काही जागा रिकाम्या होतात. त्या पुन्हा भरतात पाडव्याच्या मागेपुढे. जाणाऱ्या मुलाच्या शिक्षणात खंड पडतो, हे सर्वांच्या ध्यानी येते. त्याच्या मैत्रीतही खंड पडतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. परतलेले मूल आपल्याच वर्गात पाहुण्यासारखे बसते, त्याचे हेही एक कारण आहे. म्हणून पुढील पाठ गाड्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात घ्यावा.

उद्देश : मित्राची आवड ओळखणे, पानाचे ठसे उमटविणे, साधी वही शिवणे आणि थोडक्यात मनातले लिहिणे.

भेट मोलाने मोठी असावी लागत नाही. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे थोर चित्रकार नंदलाल बोस (१८८२–१९६६) आपल्या मित्रांना व शिष्यांना साध्या पोस्टकार्डावर चित्रे काढून पाठवीत. कार्ड अल्पमोलाचे, पण ते एकाच व्यक्तीसाठी काढलेले असे. हे उदाहरण वर्गात सांगावे.

साहित्य : २१ × २८ सें.मी. मापाचे चार कोरे कागद, त्याच मापाचा एक जाड कागद, सुई, ५० सें.मी. जाड सुती दोरा, गेरू, बाभळीचा डिंक, कापसाचा बोळा व झाडाची ताजी पाने. जाड कागद नसल्यास जुन्या दिनदर्शिकेचे पान चालेल. त्याची कोरी बाजू बाहेर ठेवावी.

पहिली तासिका. शिक्षकाने जोड्या ठरवाव्या. शक्यतो जाणाऱ्या मुलाची जोडी राहणाऱ्या मुलाशी जमवावी. दोघांनीही एकमेकांसाठी वही करावयाची आहे; देणे एकाच बाजूचे झाले की भेटीची भीक होते. कोणीही जोडीवाचून राहू नये. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या जोडीदाराविषयी तीन गोष्टी आठवाव्या : त्याला काय आवडते, त्याला काय चांगले येते, आणि दोघांनी मिळून केलेली एखादी गोष्ट. “तो चांगला आहे” एवढे उत्तर पुरेसे मानू नये. “त्याला विहिरीत सूर मारता येतो”, “तिने मला पाढे शिकविले” असे नेमके उत्तर येईपर्यंत शिक्षकाने प्रश्न विचारावे. या पाठाचा गाभा तोच आहे. कागद व रंग पुढचे.

दुसरी तासिका. डिंक आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवून गाळून घ्यावा व त्यात बारीक चाळलेला गेरू कालवावा. रंग दह्याइतका दाट असावा. पातळ झाल्यास ठसा पसरतो. हळदीचा रंग उन्हाने लवकर उडतो, गेरूचा टिकतो. मुलांनी मित्राच्या अंगणातले किंवा दोघांच्या खेळण्याच्या जागेजवळचे पान आणावे. पेरू व पिंपळाच्या पानांच्या शिरा ठसठशीत उमटतात. पानाच्या मागील बाजूस बोळ्याने रंगाचा पातळ थर द्यावा, ती बाजू जाड कागदावर ठेवावी, वर रद्दीचा कागद ठेवून तळहाताने दाबावे व देठ धरून पान अलगद उचलावे. पहिले दोन ठसे रद्दीवर काढून पाहावे. वेष्टण रात्रभर वाळू द्यावे.

तिसरी तासिका. चारही कागद एकत्र मधोमध दुमडावे. सोळा पृष्ठे होतात. त्यांवर वेष्टण घालून घडीवर तीन छिद्रे पाडावी : एक मध्यभागी व दोन टोकांपासून तीन सें.मी. आत. सुई मधल्या छिद्रातून आतून बाहेर काढावी, वरच्या छिद्रातून आत घ्यावी, मधले छिद्र सोडून खालच्या छिद्रातून बाहेर काढावी व पुन्हा मधल्या छिद्रातून आत आणावी. दोऱ्याची दोन टोके आतील लांब टाक्याच्या दोन बाजूंस घेऊन त्यावर गाठ मारावी. छिद्रे शिक्षकाने स्वतः पाडून द्यावी.

पहिल्या पृष्ठावर मित्राचे नाव सुंदर अक्षरांत लिहावे. दुसऱ्यावर दोघांच्या ओळखीच्या एका जागेचे चित्र काढावे. तिसऱ्यावर पहिल्या तासिकेत आठवलेल्या तीन गोष्टी लिहाव्या. उरलेली तेरा पृष्ठे कोरीच ठेवावी. ती मित्राने भरावयाची आहेत. कोपीवर राहणाऱ्याने तिथले काही लिहावे, गावी राहणाऱ्याने शाळेतले काही लिहावे, आणि पाडव्यानंतर दोघांनी वह्या एकमेकांना वाचून दाखवाव्या.

शिक्षकांस सूचना : वाकडी रेघ किंवा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ या वहीत स्वतःच्या हाताने दुरुस्त करू नये. वह्यांना गुण देऊ नयेत, त्यांचे प्रदर्शन मांडू नये. वही ज्याची त्याच्या हाती वर्गातच द्यावी व देणाऱ्याने तिसरे पृष्ठ स्वतः वाचावे. आपल्याविषयी कोणी इतके नेमके आठवून ठेवले आहे, हे ऐकलेले मूल परत येते तेव्हा त्याला वर्गातली आपली जागा शोधावी लागत नाही.