किती जोरात ते ठीक, पण कोणीकडे?

नववीच्या विज्ञानात ‘गतीचे नियम’ हा पहिलाच धडा. सूत्र मुलांना एका दिवसात पाठ होतं. चाल आणि वेग यांतला फरक मात्र वार्षिक परीक्षेपर्यंत डळमळीत राहतो. आमचं वडनेर नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर, म्हणजे पूर्वीच्या सात नंबरवर, आताच्या ४४ वर. त्यामुळे उदाहरणांना तोटा नाही. शिकवता शिकवता जे पटत गेलं, ते असं.

१. दिशा शेतकऱ्याच्या पोराला शिकवावी लागत नाही. पऱ्हाटीवर फवारा मारताना वारा किती आहे, एवढंच पाहता का, असं वर्गात विचारलं की उत्तर तयार असतं : “नाही सर, कोणीकून येऊन राहिला थे बी पाहा लागते. नाहीतं औषध आपल्याच अंगावर.” झालं! नुसतं ‘किती’ म्हणजे चाल, ‘किती आणि कोणीकडे’ म्हणजे वेग. अदिश-सदिश हे शब्द त्यानंतर फळ्यावर लिहावेत. आधी लिहिले तर मुलं फक्त उतरवून घेतात.

२. आधी आकृती, मग भागाकार. सायकलने ४ किलोमीटर उत्तरेला, मग काटकोनात वळून ३ किलोमीटर पूर्वेला गेलात, वेळ लागला अर्धा तास. कापलेलं अंतर ७, म्हणून सरासरी चाल ताशी १४ किलोमीटर. निघालो तिथून पोचलो तिथपर्यंत सरळ रेघ मारली तर ती ५ भरते, हे विस्थापन. म्हणून सरासरी वेग ताशी १० किलोमीटर, साधारण ईशान्येकडे. ‘ईशान्येकडे’ लिहिलं नाही तर मी पूर्ण गुण देत नाही, आणि त्यावर वाद घालत नाही.

ही सरळ रेघ वावरातून, नाल्यातून जाते. टेप धरून मोजता येत नाही. ती त्रिकोणांनी काढावी लागते. अख्खा हिंदुस्थान असा त्रिकोणांनी मोजायला १८०२ मध्ये मद्रासहून सुरुवात करणारा विल्यम लॅम्टन काम करता करताच जानेवारी १८२३ मध्ये वारला, तो आमच्या हिंगणघाटला. पायथागोरस शिकवताना हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

३. शून्य आलं म्हणून खोडू नका. हिंगणघाट सोयीसाठी २० किलोमीटर धरू. जाताना ताशी ४०, येताना ताशी ६०. सरासरी चाल किती? सगळा वर्ग ‘५०’ म्हणून ओरडतो. पण जायला ३० मिनिटं, यायला २०. एकूण ४० किलोमीटर ५० मिनिटांत, म्हणजे ताशी ४८. हळू जाण्यात जास्त वेळ गेला, म्हणून उत्तर ४० कडे झुकलं. आणि सरासरी वेग? शून्य, कारण घरीच परत आलो. “मंग पेट्रोल त जयलं ना, सर!” जळलंच. पेट्रोल कापलेल्या अंतराला लागतं, विस्थापनाला नाही. वर्षभरात विचारला जाणारा हा सगळ्यात चांगला प्रश्न.

४. वळणावर काटा ४० वरच स्थिर असला तरी वेग बदललेला असतो. मीटरला दिशा कळत नाही.

५. एककं सांभाळा. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की सेकंदाला मीटर मिळतात. ७२ चे २० होतात. एसटीत खिडकीशी बसून हे पडताळता येतं. दोन किलोमीटर-दगडांमधले सेकंद मोजा आणि ३६०० ला त्यांनी भागा. ४५ सेकंद लागले तर गाडी ताशी ८० ने चालली आहे. गाडी चालवणाऱ्याने मात्र हा उद्योग करू नये.

६. हे गणित रस्ता ओलांडताना कामाचं आहे. हमरस्त्याची एक बाजू सुमारे ७ मीटर रुंद. सेकंदाला सव्वा मीटर चालणाऱ्याला ती पार करायला साडेपाच सेकंदांहून जास्त लागतात. तेवढ्यात ताशी ७२ ने येणारा ट्रक ११२ मीटर पुढे आलेला असतो. शाळेच्या मैदानावर एकदा ११२ मीटर पावलांनी मोजून पोरांच्या नजरेत बसवा. ट्रक त्याच्या दुप्पट अंतरावर दिसला, तरी रस्त्यात पाऊल टाकू नका.